प्रतिष्ठेचा वारसा : बेंगळुरूची ‘टाटा इन्स्टिट्यूट’ आणि कमला सोहोनी

देवनहळ्ळी येथे २००८ मध्ये सुरू झालेल्या विमानतळावर उतरणाऱ्या परदेशी विद्वानाला बेंगळुरू ही विज्ञाननगरी म्हणून आधीच परिचित असते. या लौकिकाचा उगम शोधू लागल्यास भारतीय विज्ञान संस्थेपाशी पोहोचावे लागते. एखाद्या विद्यापीठाची प्रतिष्ठा कशातून घडते आणि ती कोणाच्या वाट्याला येते, हे प्रश्न तपासण्यासाठी या संस्थेचा इतिहास विशेष उद्बोधक आहे.

संस्थेची उभारणी मुंबईचे धन आणि म्हैसूरची भूमी यांच्या संयोगातून झाली. जमशेटजी टाटा यांनी सुमारे तीस लाख रुपयांची मालमत्ता या कार्यासाठी देऊ केली. १८९८ च्या अखेरीस योजना लॉर्ड कर्झन यांच्यापुढे मांडली गेली, तेव्हा अशा उच्च शिक्षणासाठी विद्यार्थी मिळतील काय आणि शिकून त्यांना काम कोठे मिळेल, अशी शंका त्यांनी उपस्थित केली. म्हैसूर संस्थानाने सुमारे ३७१ एकर जमीन दिली. १९०४ मध्ये जमशेटजी निवर्तले. १९०९ मध्ये संस्थेची रीतसर स्थापना झाली आणि १९११ मध्ये पहिले विद्यार्थी दाखल झाले. संस्थेला आपले नाव असू नये, ही दात्याची इच्छा होती. लोकांनी मात्र तिला ‘टाटा इन्स्टिट्यूट’ हेच नाव दिले. अधिकृत नाव आणि लोकमान्य नाव यांतील हे अंतर अर्थपूर्ण आहे : सामाजिक प्रतिष्ठा शासकीय आदेशाने ठरत नाही, ती लोकव्यवहारात घडते.

मराठी मध्यमवर्गातील काही घरांत ही प्रतिष्ठा कौटुंबिक वारसा बनली. रसायनशास्त्रज्ञ नारायणराव भागवत आणि त्यांचे बंधू माधवराव हे दोघेही या संस्थेचे विद्यार्थी. नारायणरावांची कन्या कमला हिचा जन्म १९११ चा, म्हणजे संस्थेत अध्यापन सुरू झाले त्याच वर्षीचा. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत अग्रस्थान मिळवून तिने येथे अर्ज केला. संचालक चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तो नाकारला. कारण, ती स्त्री होती. गुणवत्ता हाच निकष मानणाऱ्या संस्थेपुढे कमलाबाईंनी तोच निकष ठेवला आणि नकाराचे कारण विचारले. अखेर एक वर्ष परीक्षाधीन राहण्याच्या अपमानास्पद अटीवर प्रवेश मिळाला. वर्षअखेर त्यांच्या कामाने संचालकांचे समाधान झाले आणि अन्य स्त्रियांसाठीही प्रवेशाची वाट मोकळी झाली. कमलाबाईंनी पुढे १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. संपादन केली.

येथे दोन प्रकारची प्रतिष्ठा समोरासमोर येते. एक दाराशी राखण करते, तर दुसरी ज्ञानाच्या कसोटीवर उभी असते. पिता व पितृव्य यांच्यासाठी खुले असलेले दार कन्येला झगडून उघडावे लागले, यावरून पहिलीची मर्यादा स्पष्ट होते. कमलाबाईंच्या संघर्षाने संस्थेच्या लौकिकाला बाधा आली नाही. उलट तिचा गुणवत्तेचा दावा खरा ठरण्याची प्रक्रिया तेथून सुरू झाली.

कमलाबाईंची थोरली बहीण म्हणजे दुर्गा भागवत. मराठी वाङ्मयेतिहासात एका बहिणीला मानाचे स्थान आहे, तर दुसरी विज्ञानाच्या इतिहासात सोडून दिली जाते. शिक्षणसंस्थांचा इतिहास आणि साहित्याचा इतिहास आपण वेगळे वाचतो, म्हणून एकाच घरातील दोन बंडे एकत्र दिसत नाहीत. तौलनिक अभ्यासाने ही फट बुजवणे आवश्यक आहे.