गिरजाबाईंचा अर्ज

१८३७ साली मुंबई सरकारकडे एक अर्ज आला. सातारचे छत्रपती प्रतापसिंह यांच्या विश्वासातले गोविंदराव दिवाण तेव्हा इंग्रजांच्या कैदेत होते. अर्ज त्यांच्या आईच्या, गिरजाबाईंच्या नावाचा होता. इंग्रज सरकारविरुद्धच्या कटात महाराज होते आणि आपला मुलगाही होता, अशी त्यात जवळजवळ कबुलीच होती. खुद्द आईच असे म्हणते, मग शंका कोण घेणार?

पण गिरजाबाईंना त्यातला मजकूर ठाऊकच नव्हता. अर्ज लिहिला होता कृष्णाजी सदाशिव भिडे नावाच्या माणसाने. हे पुढे त्यानेच सांगितले.

आता मागची हकिगत थोडक्यात पाहू. आजच्या सांगली जिल्ह्यातले वाळवे, खानापूर हे भागही त्या वेळी सातारच्या राज्यात होते. देशी शिपायांना फितवणे, गोव्याच्या पोर्तुगीजांशी पत्रव्यवहार आणि नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी संधान, असे तीन आरोप महाराजांवर ठेवले गेले. ऑक्टोबर १८३६ मध्ये गुप्त चौकशी झाली. पुराव्यात पत्रे आणि शिक्के होते. ते बनावट आहेत असे महाराजांचे म्हणणे होते, पण कागदांच्या नकला मागूनही त्यांना मिळाल्या नाहीत. १८३९ मध्ये गव्हर्नर कारनॅक स्वतः साताऱ्यास आले. दोष कबूल करा, गादी राहील, असे त्यांनी सुचवले. महाराजांनी नकार दिला. सप्टेंबरात त्यांना पदच्युत करून काशीस पाठवण्यात आले. तेथेच १८४७ साली त्यांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी राज्य खालसा झाले.

ही जुनी गोष्ट आजच का सांगायची? २० नोव्हेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र विधानसभेचे मतदान होते. आदल्या संध्याकाळी काही नेत्यांच्या आवाजातल्या ध्वनिफिती पसरल्या. त्या कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या दिसतात, असे तपासणाऱ्या पत्रकारांनी सांगितले. पण मतदानाला तेव्हा काही तासच उरले होते. भिड्यांना निदान कागद, शाई आणि टपाल लागले. आता एखाद्याच्या आवाजाचा छोटा नमुना मिळाला, तरी यंत्र त्याच्या तोंडी हवे ते वाक्य घालू शकते.

यावर नियम करण्याचे प्रयत्न चालू आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये पॅरिसमध्ये पत्रकारांच्या संस्थांनी एक सनद जाहीर केली. संपादकीय निर्णय माणसाच्याच हाती हवा, छापलेल्या मजकुराची जबाबदारी वृत्तसंस्थेची, आणि खरे व यंत्राने रचलेले यांत स्पष्ट भेद दिसला पाहिजे, असे ती सांगते. भारत सरकारनेही ऑक्टोबर २०२५ मध्ये कृत्रिम मजकुरावर तशी खूण सक्तीची करणाऱ्या नियमांचा मसुदा मांडला.

खूण हवीच. पण एक अडचण आहे. खूण प्रामाणिक माणूस करील. भिड्यांनी काही अर्जावर 'हा गिरजाबाईंचा नव्हे' असे लिहिले नसते! म्हणून माझ्या मते नियमांत दोन गोष्टी आधी हव्यात. पहिली : हा कागद किंवा ही फीत कोणाच्या हातून आली, त्याची नोंद. दुसरी : ज्याच्या नावाने ती फिरते आहे, त्याला प्रसिद्धीपूर्वी विचारणे. साताऱ्यात महाराजांच्या बाजूची तक्रार हीच होती. अर्जाचा खरा लेखक रेसिडेंट ओव्हान्स यांना आधीच कळला होता, तरी ते वेळेवर वर कळवले गेले नाही, असा त्यांचा आरोप होता.

रंगो बापूजी गुप्ते महाराजांची बाजू मांडण्यासाठी १८४० मध्ये लंडनला पोहोचले आणि १८५३ पर्यंत तेथे झगडत राहिले. गादी काही परत मिळाली नाही. पण प्रकरण पार्लमेंटपर्यंत गेले आणि साताऱ्याचे कागद तेथे छापले गेले. गिरजाबाईंच्या अर्जाची ही कहाणी आज आपल्याला वाचता येते, ती त्या धडपडीमुळे.