काउंटरमागचा माणूस

मुंबईत ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी ७६८ मृत्यूंची नोंद झाली. इन्फ्ल्यूएन्झाची ती साथ होती. रोगाचा विषाणू तेव्हा कोणाला सापडला नव्हता, आणि औषध म्हणून बाटलीत काय भरावे हे ठरविणारा देशव्यापी कायदाही नव्हता. कर्नल चोप्रा यांची चौकशी समिती १९३० साली बसली, औषधांचा कायदा १९४० साली झाला, आणि औषध देणारा माणूस शिकलेला व नोंदलेला असावा हे १९४८ च्या फार्मसी कायद्याने ठरविले. २०२० साली करोना आला तेव्हा काउंटरमागचा माणूस असा ७२ वर्षांच्या कायद्याचा वारस होता.

आम्ही औषधशास्त्र शिकलेलो नाही; आमची तर शाळाही अर्ध्यावर सुटली. दुकाननोकरांच्या संघटनेमुळे या मंडळींशी आमचा संबंध आला. साथीच्या काळात त्यांचे ज्ञान किती, वृत्ती कशी, आचार कसा, हे तपासण्यासाठी अनेक देशांतील अभ्यासक प्रश्नावल्या घेऊन त्यांच्याकडे गेले. प्रश्न योग्यच होते. परंतु ज्ञान आणि आचार यांच्या मध्ये दुकानाचा मालक उभा असतो, आणि त्याच्यासाठी अशा प्रश्नावलीत बहुधा रकाना नसतो.

२२ मार्च २०२० रोजी हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन हे औषध करोनारुग्णांची सेवा करणाऱ्या वैद्यकीय कर्मचाऱ्यांनी व रुग्णांच्या घरच्या माणसांनी प्रतिबंधक म्हणून घ्यावे, अशी शिफारस झाली. बाकीच्यांनी ती आपल्यालाच लागू आहे असे धरून चालले! चारच दिवसांनी सरकारने ते औषध ‘एच-१’ या परिशिष्टात घातले. म्हणजे चिठ्ठीवाचून विक्री नाही; डॉक्टरांचे व रोग्याचे नाव वहीत लिहावयाचे आणि ती वही ३ वर्षे जपावयाची. तोवर कित्येक दुकानांतला साठा संपला होता. ज्यांना ते रोज लागते ते संधिवाताचे रोगी दारोदार फिरले. जूनमध्ये इंग्लंडमधील मोठ्या चाचणीने दाखवून दिले की रुग्णालयात दाखल झालेल्यांना त्याचा लाभ नाही.

त्याच चाचणीने डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त स्टेरॉइड मात्र उपयोगी ठरविले. कोणाला? ज्यांना प्राणवायू लावावा लागतो त्यांना. ज्यांना तो लागत नव्हता त्यांच्यात लाभ दिसला नाही. सारी गोम येथे आहे. औषध तेच, गोळी तीच. आजाराची पायरी चुकली की उपकाराचा अपकार होतो. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीचा रोग फैलावला, त्यात मधुमेहाबरोबर स्टेरॉइडच्या अवाजवी वापराचाही हात होता. एकाची चिठ्ठी मोबाइलवरून दहा घरी फिरत होती, आणि रोग्याला आज कितवा दिवस हे विचारू शकेल असा शेवटचा माणूस काउंटरमागे उभा होता.

मे २०२१ मध्ये आमच्याही घरात ताप आला. अशीच एक चिठ्ठी घेऊन आम्ही आमच्याच एका सभासदाकडे गेलो. त्याने विचारले, “ताप कितवा दिवस? प्राणवायू किती दाखवतो?” दुसऱ्याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. त्याने स्टेरॉइड दिले नाही. डॉक्टरांना विचारा म्हणाला. मालक गल्ल्यावरून पाहत होता. आम्ही तावातावाने पुढच्या दुकानात गेलो, तेथे न विचारता सारे मिळाले. घरचे माणूस बरे झाले, पण ते त्या गोळ्यांमुळे की त्यांना न जुमानता, हे आम्हास सांगता येणार नाही.

मार्च २०२० मध्ये आरोग्यसेवकांसाठी ५० लाख रुपयांच्या विम्याची घोषणा झाली. सरकारी सेवेतले आणि सरकारने करोनाच्या कामाला घेतलेले खासगी लोक तीत होते. खोकणाऱ्या गिऱ्हाइकासमोर बारा तास उभा राहणारा दुकानातला नोकर नव्हता. टाळेबंदीत दुकान उघडे ठेवावयाचे तेव्हा मात्र तो अत्यावश्यक ठरला होता.

पुढे आम्ही त्या सभासदाला विचारले, “आम्हांला नाही म्हणायला जड गेले नाही काय?” तो म्हणाला, “भाऊ, तुम्ही युनियनचे म्हणून दिले असते, तर उद्या मालकाला नाही म्हणायला तोंड राहिले नसते.”

पुढच्या करारात आम्ही कलम घातले: चिठ्ठीवाचून औषध नाकारले म्हणून कोणाला कामावरून काढू नये. पगारवाढ मान्य झाली. त्या कलमावर बोलणी चालू आहेत.