प्रयोग : कर्तरी की कर्मणी?

मराठीत ‘प्रयोग’ हा शब्द तीन घरी नांदतो : रंगभूमीवर, प्रयोगशाळेत आणि व्याकरणात. व्याकरणातील प्रयोग ओळखताना आपण विद्यार्थ्यांना विचारतो, क्रियापद कोणाच्या तंत्राने चालते, कर्त्याच्या की कर्माच्या? माणसांवरील औषधचाचण्यांचा इतिहास वाचतानाही हाच प्रश्न उपयोगी पडतो. इंग्रजी व्याकरणात कर्त्याला ‘सब्जेक्ट’ म्हणतात, आणि वैद्यकात ज्याच्यावर चाचणी होते तोही ‘सब्जेक्ट’च. २०१९च्या भारतीय नियमांतही तोच शब्द आहे.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९३ ते १९९८ या काळात जो क्षेत्रप्रयोग केला, तो या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. ३९ गावांत नवजात बाळांची घरोघरी काळजी घ्यायची आणि ४७ गावांत नेहमीची शासकीय सेवा तशीच चालू ठेवायची, अशी त्याची मांडणी होती. १९९५-९६ साली त्या ३९ गावांतील ७६३ बाळांचे निरीक्षण झाले. निम्म्याहून अधिक बाळांना उपचारांची गरज होती; रुग्णालयात दाखल झाली अवघी ०.४ टक्के. पुढच्या वर्षापासून गावातलीच, जेमतेम शिकलेली आरोग्यदूत स्त्री जंतुदोष झालेल्या बाळाला जेंटामायसिनचे इंजेक्शन देऊ लागली. आधी रुग्णालयाचा सल्ला दिला जाई. आईवडिलांनी नकार दिला, तर त्यांच्या संमतीने घरीच उपचार होत.

ही संमती कितपत स्वतंत्र म्हणायची? दवाखाना दूर, हातात पैसा नाही, बाळंतीण उंबरठा ओलांडू शकत नाही. अशा घरात ‘हो’ म्हणण्यात विश्वास किती आणि निरुपाय किती, याची वाटणी करता येत नाही. तरीही सुई धरणारी बाई गावातली होती आणि उद्याही गावातच राहणार होती. मला हा फरक कागदावरच्या सहीपेक्षा मोठा वाटतो.

जंतुदोषाने दगावण्याचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. १९९७-९८मध्ये प्रयोगाच्या गावांत हजारी २५.५ नवजात बाळे दगावत होती, तुलनेच्या गावांत ५९.६. १९९९ साली हे आकडे ‘लॅन्सेट’मध्ये आले. पहिल्या आकड्याला अर्थ येतो तो दुसऱ्यामुळे. त्या ४७ गावांकडून काही काढून घेतले नव्हते, हे खरे. पण शास्त्राच्या वाक्यात ती गावे कर्मच राहिली.

कायदा तेव्हा कोठे होता? १९८८च्या अनुसूची ‘वाय’चा रोख नव्या औषधांवर होता. जेंटामायसिन जुनेच होते. नवा होता तो हात. २०१९च्या नियमांनी जुन्या औषधाचा नवा उपयोग, नवी मात्रा, नवा मार्ग यांना ‘नवे औषध’ मानले आहे. इंजेक्शन कोण देणार, हा मुद्दा त्या यादीत नाही.

आता याच्या उलट उदाहरण. सिरोंचाहून गोदावरीच्या प्रवाहाने खाली गेले की भद्राचलम लागते. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील त्या खम्मम जिल्ह्यात २००९ साली १० ते १४ वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस देण्यात आली. मुली बहुतांशी आदिवासी; अनेक संमतिपत्रांवर सह्या वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या वा मुख्याध्यापकांच्या. काही मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत त्यांचा लसीशी संबंध आढळला नाही. तथापि २०१०मध्ये कार्यक्रम थांबला आणि २०१३ साली संसदीय समितीने संमतीच्या या रीतीवर कठोर ताशेरे ओढले. कार्यक्रमाचे नाव मात्र ‘प्रात्यक्षिक प्रकल्प’ असे होते. ‘प्रयोग’ हा शब्द टाळला की प्रयोगाचे नियमही टाळता येतात! येथे सही करणारा एक आणि दंड पुढे करणारी दुसरीच.

गडचिरोलीचा प्रयोग पुढे देशाचा कार्यक्रम झाला. २०११पासून ‘आशा’ कार्यकर्त्या नवजात बाळांना घरी जाऊन पाहतात, वजन करतात, धोक्याची लक्षणे ओळखतात. इंजेक्शन त्यांच्या हाती दिले गेले नाही. २०१४ साली ठरावीक परिस्थितीत ती मुभा मिळाली ती परिचारिकांना. ज्या कृतीला त्या ३९ गावांतल्या आईबापांनी ‘हो’ म्हटले होते, नेमकी तीच शासकीय आवृत्तीतून गळली.