बौद्धिक संपदेचा वकील : तंत्रज्ञान क्षेत्रातील वकिलीची वाट

नागपुरात २०१८ मध्ये डॉ. क्षिप्रा उके आणि डॉ. शिवशंकर दास या संशोधकांच्या भाड्याच्या घरातून लॅपटॉप आणि सर्वेक्षणाची माहिती गेली. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. भरपाईच्या वेळी मात्र प्रश्न उभा राहिला. लॅपटॉपची किंमत ठरवता येते, पण त्यातल्या संशोधनाची कशी ठरवायची? नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितले की या कायद्यातील 'मालमत्ता' या शब्दात बौद्धिक संपदाही येते. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारची याचिका फेटाळली. या दोघांनी आपली बाजू स्वतः मांडली. समाजातल्या प्रत्येकाला हे जमणार नाही. म्हणूनच या वकिलीची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

काम काय असते?

पेटंट, कॉपीराइट, ट्रेडमार्क आणि डिझाइन यांवरचे वाद हा वकील न्यायालयात लढवतो. तंत्रज्ञान क्षेत्रात मोबाइलमधील पेटंट, सॉफ्टवेअरची चोरी, अ‍ॅपचे नाव असे खटले येतात. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंह यांच्या आवाजाची कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेली नक्कल थांबवली. आपल्या भीमगीत गायकांनी हा निकाल माहीत करून घ्यावा.

आपल्याकडे नुसत्या संगणक प्रोग्रॅमला पेटंट मिळत नाही. पेटंट कायद्याचे कलम ३(के) तसे सांगते. प्रोग्रॅमला संरक्षण मिळते ते साहित्यकृती म्हणून, कॉपीराइट कायद्याखाली. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, पण पुरावा लागतो. १ जुलै २०२४ पासून इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र द्यावे लागते. ते नीट नसेल तर खरी बाजूही अडचणीत येते.

खटला कुठे चालतो?

असे दावे जिल्हा न्यायालयाच्या खाली चालत नाहीत. पेटंट रद्द करण्याची उलट मागणी आली, तर प्रकरण उच्च न्यायालयात जाते. कॉपीराइटचा दावा मात्र फिर्यादी जिथे राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयातही लावता येतो (कलम ६२). म्हणजे केळशीतल्या मुलीने बनवलेले अ‍ॅप बंगळुरूच्या कंपनीने उचलले, तरी तिला बंगळुरू गाठायची गरज नाही. ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी जिल्ह्यासाठी उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात आहे.

तयारी कशी करावी?

• बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा एलएलबी. राज्यातील महाविद्यालयांसाठी सीईटी, तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी क्लॅट.
• सनद आणि बार कौन्सिलची अखिल भारतीय परीक्षा.
• पेटंट कार्यालयात काम करायचे तर पेटंट एजंटची परीक्षा. तिला विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते. न्यायालयात पेटंटचा खटला लढवायला ही परीक्षा आवश्यक नाही.
• खर्चासाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, स्वाधार योजना आणि परदेशी शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती. नवबौद्ध विद्यार्थी या तिन्हींना अर्ज करू शकतात.

सुरुवातीची काही वर्षे ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली कमी पैशांत काढावी लागतात. मुंबईत राहण्याची सोय नसलेली आपली मुले इथेच गळतात. गावच्या मंडळांनी वर्गणीतून एका मुलाची वर्षभराची खोली जरी भरली, तरी फरक पडेल.

बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे शेजारच्या मंडणगड तालुक्यात आहे. केळशीच्या हापूसला २०१८ पासून भौगोलिक मानांकनाचे संरक्षण आहे. आंब्याची मालकी कायदा ओळखतो, तशी आपल्या लेखणीची, गाण्याची आणि संशोधनाचीही ओळखतो. ती न्यायालयात सिद्ध करणारे वकील आपल्यातून तयार व्हायला हवेत.

जय भीम!