चुंबकांतील भोंवऱ्यांची जाळी



लंडनजवळच्या ब्लॅकहीथ येथें एका घरांत भरती-ओहोटीचें गणित करणारें एक यंत्र होतें. मूळ कल्पना लॉर्ड केल्व्हिनची. यंत्र घडविलें एडवर्ड रॉबर्ट्स यांनीं. हिंदुस्थानच्या बंदरांसाठीं १८७९ सालीं तयार झालेलें यंत्रहि याच रॉबर्ट्सच्या देखरेखीखालचें. त्यांचा पणतू टोनी स्कर्म लहानपणीं तें यंत्र पाहून भारावला आणि पुढें केल्व्हिनचें दुसरें एक मत त्याच्या मनांत घर करून राहिलें.

तें मत १८६७ सालचें : परमाणु म्हणजे ईथरांतील न सुटणारा भोंवरा. ईथरची कल्पना गेली, तिच्याबरोबर हें मतहि मोडीत निघालें. परंतु १९६१-६२ सालीं स्कर्म यांनीं अणुगर्भांतील कणांसाठीं तोच विचार नव्या गणितांत मांडला. न सुटणारा म्हणजे कसा? मुलाच्या डोक्यावरचा भोंवरा आईनें कितीहि तेल लावून विंचरला तरी जात नाहीं, तसा.

आतां चुंबकाकडे वळूं. एका पातळ पत्र्यांत असंख्य सूक्ष्म होकासुया आहेत असें समजा. कडेच्या साऱ्या वर पाहतात, मधली एक खालीं, आणि मधल्या क्रमाक्रमानें वळत जातात. असा भोंवरा संभवतो, हें बेलाव्हिन व पोल्याकोव्ह यांनीं १९७५ सालीं दाखविलें. अडचण एवढीच कीं, त्याला ठराविक आकार नव्हता. लहान असो वा मोठा, ऊर्जा सारखीच.

तोडगा आधींच तयार होता. कांहीं स्फटिकांची रचना आरशांतील प्रतिबिंबाशीं जुळत नाहीं. तेथें शेजारच्या सुया समांतर न राहतां किंचित् तिरप्या होऊं पाहतात, असें द्झ्यालोशिन्स्की (१९५८) आणि मोरिया (१९६०) यांनीं सांगितलें होतें. दोनेत्स्क येथील बोग्दानोव्ह व याब्लोन्स्की यांनीं १९८९ सालीं हिशेब जुळविला : एक ओढ सुया सरळ ठेवते, दुसरी वळविते, या ओढाताणींतून भोंवऱ्याचा आकार ठरतो, आणि बाहेरून योग्य तेवढें चुंबकीय क्षेत्र दिल्यास एकाभोंवतीं सहा अशी भोंवऱ्यांची जाळी बनते. स्कर्म १९८७ सालींच निवर्तले होते. आपलें नांव चुंबकांत नांदणार, हें त्यांना कळलें नाहीं.

कागदावरची ही जाळी वीस वर्षें कागदावरच राहिली. २००९ सालीं म्यूनिकजवळ मँगनीज-सिलिकॉनच्या स्फटिकावर न्यूट्रॉन सोडले तेव्हां सहा ठिपके उमटले. तेथील थंडी उणे २४० अंशांखालची! पुढच्याच वर्षीं जपानी संशोधकांनीं पातळ पटलांत एकेक भोंवरा इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकानें पाहिला.

इरिडियमवर लोखंडाच्या परमाणूंचा एकच थर देऊन पाहतां मात्र २०११ सालीं जाळी चौकोनी निघाली. दोन-दोन शेजाऱ्यांचा हिशेब तेथें अपुरा पडला. चार-चार परमाणूंची एकत्र ओढ धरून गणित पुन्हां मांडावें लागलें.