तो पुन्हा करील का?

लैंगिक गुन्ह्याची शिक्षा भोगून एखादा अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या तुरुंगातून सुटतो, तेव्हा गावाला एकच धास्ती असते: तो पुन्हा करील का? हा प्रश्न जुना आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्याचं उत्तर जन्मावरून दिलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, पण आपल्या वऱ्हाडातल्या फासेपारध्यांवरचा शिक्का अजून पुसलेला नाही.

पुढे १९९९ मध्ये हॅन्सन आणि थॉर्नटन या अभ्यासकांनी खास लैंगिक गुन्हेगारांसाठी ‘स्टॅटिक-९९’ ही दहा मुद्द्यांची मोजपट्टी केली. सुटतानाचं वय, आधीच्या शिक्षा, पीडित व्यक्ती अनोळखी होती का, असं त्यात पाहतात. म्हणजे जात सुटली, कृती आली. तरी ती गटाचा धोका सांगते, एकट्या माणसाचं भविष्य तिला सांगता येत नाही.

आपल्याकडे २०१८ पासून शिक्षा झालेल्या लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद ठेवतात. पण नोंद झाली म्हणजे धोका मोजला, असं होत नाही. शिवाय बलात्काराच्या बहुतेक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचाच असतो, आणि पुष्कळदा तक्रारच होत नाही. आपण मात्र दीडशे वर्षं पारध्यांच्या पालांकडेच बघत राहिलो.