महाबळेश्वरची हवा

उन्हाळ्याच्या तोंडाशी आपण महाबळेश्वरी जातो. बाँबे पॉइंटावरून सूर्यास्त पाहतो, वेण्णा तलावात नौकाविहार करतो, ताज्या भाज्यांवर ताव मारतो आणि हवा खाऊन परततो. या सुखाचा इतिहास मात्र क्वचितच विचारतो.

१८२९ साली साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांनी खंडाळे गावाच्या बदल्यात ही जागा इंग्रजांना दिली. गव्हर्नर माल्कमच्या नावाने पेठ वसली. त्याच महाराजांना इंग्रजांनी १८३९ मध्ये पदच्युत करून काशीस धाडले. पुढे येथील तुरुंगातल्या चिनी कैद्यांनी बटाट्याचे व विलायती भाज्यांचे मळे फुलविले. १८६४ मध्ये तुरुंग मोडला. मळ्यांची विद्या गावात उरली.

श्रोतेहो, हवा डोंगराची खरी. पण पानातली भाजी कैद्यांच्या कष्टांची देणगी आहे, एवढे आपण स्मरावे.